हौशी खेळ आणि प्रशिक्षणातील न्याय : अहमदनगर जिल्ह्यातील कबड्डी, खो-खो व कुस्तीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. खो-खोला दोन खांब आणि मोकळे पटांगण लागते. कुस्तीला लाल मातीचा हौदा पुरतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे तीन खेळ रुजले याचे एक कारण त्यांचा अल्प खर्च होय, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र या विधानातून ओघाने येणारा पुढचा निष्कर्ष सहसा काढला जात नाही. ज्या खेळाला साहित्य जवळजवळ लागतच नाही, त्या खेळात एका गावचा मुलगा राज्य संघापर्यंत जातो आणि दुसऱ्या गावचा तितकाच चपळ मुलगा तालुक्याच्या पहिल्या फेरीत बाद होतो, हा फरक कशामुळे पडतो? अंगभूत गुण सर्वत्र सारखेच विखुरलेले असतात असे गृहीत धरले, तर उरते ते मार्गदर्शन. चढाईच्या ३० सेकंदांत बोनस रेषेकडे केव्हा झेपावायचे, पकडीची साखळी कोणत्या क्षणी आवळायची, खांबावर सूर मारताना अंग कसे सोडायचे, या गोष्टी कोणी तरी रोज संध्याकाळी मैदानात उभे राहून शिकवाव्या लागतात. या खेळांत खरे साधन म्हणजे प्रशिक्षक होय. आणि हौशी खेळांच्या अर्थव्यवस्थेत नेमके हेच साधन सर्वांत कमी मोजले गेलेले आहे.

प्रस्तुत लेखात या साधनाच्या वाटपाचा विचार अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नामांतर होऊन अहिल्यानगर हे नाव शासकीय झाले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, चौदा तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्येचा हा जिल्हा या विषयासाठी विशेष उपयुक्त आहे. पश्चिमेस कळसूबाईच्या पायथ्याचा आदिवासी अकोले तालुका, मध्यभागी कालव्यांनी भिजलेला ऊसपट्टा आणि पूर्व-दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हे अवर्षणप्रवण तालुके, अशी तीन वेगळी आर्थिक विश्वे येथे एकाच जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या कक्षेत येतात.

‘हौशी’ या शब्दाचा उपयोग आणि दुरुपयोग

इंग्रजीतील ‘ॲमॅच्युअर’ या शब्दासाठी मराठीने ‘हौशी’ हा शब्द स्वीकारला. मूळ इंग्रजी शब्दाला इंग्लंडमधील वर्गभेदाचा इतिहास आहे. ज्याला पोटासाठी खेळावे लागत नाही तो खरा खेळाडू, ही त्यामागची धारणा. मराठी शब्दात हा उच्चवर्गीय दर्प नाही. हौस शेतमजुराला असते, गिरणी कामगारालाही असते. मुंबईच्या गिरणगावात कबड्डी ज्यांनी वाढवली ते काही सुखवस्तू नव्हते. असे असूनही शब्दाबरोबर एक गोष्ट आपल्याकडे न बोलता आली. हौसेला मोल नसते, म्हणून हौशी खेळ शिकवणाऱ्याच्या श्रमालाही मोल नाही, असा अर्थविस्तार क्रीडा व्यवहारात रूढ झाला.

कबड्डीत या शब्दाची आज विचित्र अवस्था आहे. देशातील शिखर संघटनेच्या नावातच ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात खेळाडूंच्या बोलीने प्रथमच एक कोटी रुपयांचा आकडा ओलांडला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडी रद्द ठरवून तिच्यावर प्रशासक नेमला. लीगमधील खेळाडू व्यावसायिक झाला, लीगचा प्रशिक्षकही व्यावसायिक झाला. तथापि तो खेळाडू वयाच्या बाराव्या वर्षी ज्याच्या हाताखाली घडला, तो गावातील मार्गदर्शक मात्र अजूनही हौशीच राहिला. म्हणजे ‘हौशी’ ही आता खेळाची अवस्था राहिलेली नाही. ती साखळीच्या तळाशी असलेल्या माणसाची अवस्था झाली आहे.

नगर जिल्ह्याने या साखळीच्या वरच्या टोकाला ठळक नाव दिले आहे. श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभान येथील अस्लम इनामदार हा २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या कर्णधारपदाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद पटकावले. अशा यशाचे जिल्ह्यात कौतुक होणे स्वाभाविक आहे. मात्र एका खेळाडूचे यश म्हणजे जिल्ह्यातील प्रशिक्षण व्यवस्थेचे यश, असा अर्थ लावण्याची जी घाई केली जाते, ती तपासून पाहिली पाहिजे. असामान्य खेळाडू व्यवस्थेमुळे घडू शकतो, तसा तो व्यवस्था नसतानाही घडू शकतो. व्यवस्थेची परीक्षा मधल्या फळीतील खेळाडूंवरून होते आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही.

सार्वजनिक पैसा कशावर खर्च होतो

महाराष्ट्र शासनाने २००१ व २०१२ या वर्षी क्रीडा धोरणे जाहीर केली. तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तीन स्तरांवर क्रीडा संकुले उभारण्याचा कार्यक्रम हा या काळातील शासकीय विचाराचा कणा म्हणता येईल. संकुलांसाठीची अनुदान मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. २०२२ मध्ये ती तालुका संकुलासाठी १ कोटीवरून ५ कोटी, जिल्हा संकुलासाठी ८ कोटींवरून २५ कोटी आणि विभागीय संकुलासाठी २४ कोटींवरून ५० कोटी रुपये करण्यात आली. याखेरीज व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या अनुदान योजना आहेत. त्यांतून इमारत, साहित्य, सपाटीकरण, कुंपण इत्यादी कामे होतात.

ही तरतूद अनावश्यक होती असे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात सराव बंद पडणाऱ्या गावाला छताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आक्षेप आहे तो तरतुदीच्या रचनेवर. वरील सर्व आकडे भांडवली खर्चाचे आहेत. संकुल उभे राहते, कोनशिला बसते, उद्घाटन होते. आणि त्यानंतर त्या संकुलात दररोज सायंकाळी पाच वाजता शिट्टी वाजवणारा माणूस कोण, त्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, या प्रश्नाला तितके स्पष्ट उत्तर मिळत नाही. देखभालीचा खर्च संकुलाच्या उत्पन्नातून भागवण्याची अपेक्षा असली की समितीचा कल आपोआप शुल्क देणाऱ्यांकडे झुकतो. बॅडमिंटनचे सभागृह, तरणतलाव, व्यायामयंत्रे यांचे मासिक शुल्क येते. कबड्डीच्या मैदानाचे शुल्क कोण देणार? अशा रीतीने ग्रामीण खेळांच्या नावाने मागितलेली वास्तू हळूहळू शहरी मध्यमवर्गाच्या आरोग्यासाठी वापरली जाऊ लागते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. रचनाच तशी आहे.

भांडवली खर्चाबरोबर दुसरा ओघ स्पर्धांकडे जातो. नगरच्या वाडिया पार्क येथे मार्च २०२४ मध्ये ७० वी वरिष्ठ पुरुष गट राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली. त्याच मैदानावर फेब्रुवारी २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरी स्पर्धा संपली आणि पृथ्वीराज मोहोळ याने महेंद्र गायकवाड याच्यावर मात करून गदा मिळवली. गादी विभागातील निर्णयावरून त्या स्पर्धेत झालेला गोंधळ, पंचाला झालेली मारहाण आणि दोन मल्लांवरील तीन वर्षांची बंदी यांची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि वेताळ शेळके विजयी झाला. राज्यात कुस्तीच्या दोन प्रतिस्पर्धी संघटना आहेत. त्यामुळे एकाच वर्षी एकाच जिल्ह्यात एकाच किताबाचे दोन मानकरी ठरले. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून हा किताब दिला जाऊ लागला. त्या परंपरेचे हे दुभंगलेपण खेदजनक आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. दोन्ही संघटनांना, दोन्ही आयोजकांना, भव्य मैदान उभारता आले, मोठी बक्षिसे देता आली. विजेत्या मल्लाला बक्षीस मिळते, पंचाला मानधन मिळते, मंडप व प्रकाशयोजना करणाऱ्याला त्याचे देयक मिळते. ज्या तालमीत तो मल्ल घडला त्या तालमीच्या वस्तादाला फेटा बांधला जातो.

या स्पर्धांनी प्रेक्षक घडवले, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर आदर्श उभे केले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र आदर्श पाहून मैदानात आलेल्या मुलाला तेथे शिकवणारे कोणी भेटले नाही, तर त्या आदर्शाचा उपयोग किती?

केंद्र शासनाच्या खेलो इंडिया केंद्रांची योजना या पार्श्वभूमीवर उल्लेखनीय ठरते. २०२० मध्ये आखलेल्या या योजनेत प्रत्येक केंद्राला एकरकमी ५ लाख रुपये आणि त्यानंतर दरवर्षी ५ लाख रुपये आवर्ती साहाय्य देण्याची तरतूद होती, आणि या आवर्ती रकमेत माजी गुणवंत खेळाडूच्या प्रशिक्षक म्हणून मानधनाचा समावेश होता. माणसाच्या श्रमाला योजनेच्या केंद्रस्थानी आणणारा हा विचार स्वागतार्ह आहे. तरी जिल्ह्याला एखादे केंद्र देणारी योजना आणि चौदा तालुक्यांचा जिल्हा यांचे प्रमाण कोणाच्याही लक्षात येईल. अकोल्यातील राजूरचा मुलगा नगर शहरातील केंद्रात रोज सरावाला जाऊ शकत नाही.

पाणी, ऊस आणि मैदान

प्रवरेवरील भंडारदरा धरण अकोले तालुक्यात आहे. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर कालव्यांनी भिजला तो मात्र खालचा, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा पट्टा. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याभोवती शिक्षणसंस्था, वसतिगृहे, मैदाने असे एक जग निर्माण झाले. सहकाराने ग्रामीण मुलाला जे दिले त्याचे मोल कमी लेखता येत नाही. परंतु क्रीडा प्रशिक्षणाचा भूगोलही याच कालव्यांच्या नकाशावर आखला गेला, ही बाब फारशी चर्चिली गेलेली नाही. ज्या संस्थेकडे वसतिगृह आहे तिच्याकडे सरावासाठी मुले पहाटे उपलब्ध असतात. ज्या संस्थेची आर्थिक स्थिती भक्कम आहे ती पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नेमू शकते, संघाला परजिल्ह्यातील स्पर्धांना पाठवू शकते, गुणी खेळाडूला शुल्कमाफी देऊन बोलावून घेऊ शकते. डोंगरातील मुलगा चांगला खेळतो असे दिसले की तो खाली येतो. पाणी जसे वरून खाली आले, तसेच हे.

अशा स्थलांतरात त्या मुलाचे कल्याण होते यात शंका नाही. पण ज्या गावातून तो गेला त्या गावच्या संघाचे काय? आपल्यातील उत्तम खेळाडू नेहमी बाहेर जातो आणि त्याला शिकवणारा कधी आपल्याकडे येत नाही, असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्या गावात खेळाची परंपरा टिकणे कठीण असते.

पूर्वेकडील तालुक्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शालेय क्रीडास्पर्धांचा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य हा क्रम पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यात संपतो. याचा अर्थ, तालुक्याच्या फेरीत जिंकलेली मुलगी विभागीय फेरीच्या वेळी कोयत्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर असण्याची शक्यता असते. आईवडील फडावर गेले तरी ती आजीजवळ गावी राहिली, तर घरकाम आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ तिच्याकडे येतो आणि संध्याकाळचा सराव तेथेच संपतो. स्पर्धेच्या वेळापत्रकात या वास्तवाची दखल नाही. वेळापत्रक सर्वांना समान आहे, एवढ्यावरून ते न्याय्य ठरत नाही.

मुलींच्या संदर्भात आणखी एक नोंद आवश्यक आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत प्रथम झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची पहिली मानकरी ठरली. ६२ वर्षांचे हे अंतर केवळ स्पर्धेचे नव्हते, प्रशिक्षणाचेही होते. तालीम ही वास्तू आणि वस्ताद ही संस्था दोन्ही पुरुषांभोवती घडल्या. त्यामुळे मुलीला कुस्ती शिकायची तर घरातील कोणी पैलवान असणे हीच प्रायः पूर्वअट राहिली.

पटसंख्या आणि क्रीडाशिक्षक

ग्रामीण मुलाला आयुष्यात भेटणारा पहिला आणि पुष्कळदा एकमेव प्रशिक्षक म्हणजे शाळेतील क्रीडाशिक्षक. म्हणून शाळेतील हे पद कोणत्या नियमाने मिळते, यास या चर्चेत कळीचे महत्त्व आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे, क्रीडासाहित्याचाही उल्लेख आहे. मात्र आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांपुरती आहे. महाराष्ट्रात पुढे संचमान्यतेच्या निकषांनी आणि तासिका तत्त्वावरील निदेशकांच्या पद्धतीने हे पद अधिकच दुबळे झाले. २०१५ नंतर कला व क्रीडा शिक्षकांनी याविरुद्ध वेळोवेळी आंदोलनेही केली.

वरील तरतुदीचा अन्वय सरळ आहे. मैदान सर्वांना, शिकवणारा मोठ्या शाळांना. अकोल्यातील डोंगरवाड्यांवरच्या किंवा पाथर्डीतील वस्तीवरच्या शाळेची पटसंख्या १०० ओलांडण्याची शक्यता मुळातच कमी. पटसंख्येचा निकष कागदावर तटस्थ दिसतो. प्रत्यक्षात तो विरळ वस्तीच्या विरुद्ध काम करतो. ज्या मुलांना घराजवळ तालीम नाही, क्रीडा मंडळ नाही, खासगी वर्ग नाही, त्यांच्याच शाळेतून क्रीडाशिक्षक वगळला जातो. तेथे मराठी किंवा गणिताचा शिक्षक स्वतःच्या आवडीने संघ उभा करतो, पदरमोड करून मुलांना स्पर्धेला नेतो. अशा शिक्षकांनीच ग्रामीण खेळ जगवला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण त्याची बदली झाली की संघ संपतो. व्यक्तीच्या चांगुलपणावर उभी असलेली रचना न्यायाची हमी देऊ शकत नाही.

या प्रश्नाला केवळ क्रीडाविषयक मानणे चुकीचे होईल. एप्रिल २००५ मध्ये राज्य शासनाने प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय व निमशासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण लागू केले. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. ग्रामीण कुटुंबात शासकीय नोकरीचे महत्त्व लक्षात घेता विहित स्तरावरील क्रीडा प्रमाणपत्र म्हणजे एक मालमत्ताच झाली आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती या मालमत्तेच्या बाजारभावाचीच साक्ष देतात. प्रमाणपत्र प्रावीण्यावर, प्रावीण्य प्रशिक्षणावर आणि प्रशिक्षण शाळेच्या पटसंख्येवर अवलंबून असेल, तर शासकीय नोकरीतील राखीव जागांपर्यंत पोहोचण्याची वाटच काही तालुक्यांसाठी रुंद आणि काहींसाठी अरुंद ठेवली आहे, असे म्हणावे लागते. आरक्षण गुणवत्तेला आहे असे सांगताना ती गुणवत्ता कोणाच्या खर्चाने घडली, हे विचारले जात नाही.

आयर्लंडचा अनुभव

प्रशिक्षकाला पैसे दिल्याने खरोखर इतका फरक पडतो काय, अशी शंका घेतली जाऊ शकते. तिचे उत्तर एका दूरच्या देशातील हौशी खेळांतून मिळते. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ १८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना चालवते. हजारो प्रेक्षकांसमोर खेळणारे तेथील खेळाडू आजही मानधन घेत नाहीत. ते शिक्षक असतात, शेतकरी असतात, आणि आपल्या गावाच्या क्लबाकडून व आपल्या काउंटीकडून खेळतात. खेळाडूवर पैसा ओतता येत नसल्यामुळे तेथे पैशाला शिरण्यास एकच मोठी वाट उरते, ती म्हणजे प्रशिक्षण.

२००५ च्या सुमारापासून डब्लिन या राजधानीच्या काउंटीला खेळविकासासाठी सार्वजनिक निधीतून मोठे विशेष साहाय्य मिळू लागले. त्यातून क्लबांना पूर्णवेळ वेतनी विकास अधिकारी मिळाले. त्यांच्या वेतनाचा निम्मा भार क्लबाने उचलायचा, अशी पद्धत होती. हे अधिकारी परिसरातील प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना खेळ शिकवू लागले. डब्लिनने पुढे २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षे अखिल आयर्लंड फुटबॉल अजिंक्यपद जिंकले. बारा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या काउंटीशी सुमारे ३२ हजार लोकसंख्येच्या लीट्रिमने कसे लढावे, असा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला. डब्लिनचे विभाजन करावे, इथपर्यंत चर्चा गेली आणि संघटनेला निधीवाटपाच्या सूत्राचा फेरविचार करावा लागला. डब्लिनच्या यशामागे लोकसंख्या, प्रायोजक आणि एक असामान्य गुणी पिढी ही कारणेही होती. २०२४ मध्ये आर्मासारख्या तुलनेने लहान काउंटीने अजिंक्यपद मिळवले, तेव्हा पैसा हेच सर्वस्व नाही हेही दिसले.

नगर जिल्ह्यासाठी या उदाहरणाचा अर्थ दुहेरी आहे. वेतनी प्रशिक्षक शाळेच्या दारापर्यंत गेला की हौशी खेळ किती झपाट्याने बदलतो, हे त्यातून कळते. आणि हाच प्रशिक्षक एकाच ठिकाणी एकवटला तर बाकीच्यांचा खेळच हिरावला जातो, हेही कळते. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप ही गोष्ट वरवर न्याय्य वाटते. विरळ वस्तीला तिने काहीच मिळत नाही. आपल्याकडील पटसंख्येच्या निकषाचा दोष तो हाच. फरक इतकाच की आयर्लंडमध्ये कोणत्या काउंटीला प्रशिक्षणासाठी किती पैसा मिळाला हे प्रसिद्ध होत असल्यामुळे तेथील लीट्रिमकराला भांडता आले. जामखेडकराने कोणता आकडा घेऊन भांडावे?

वस्ताद, प्रशिक्षक आणि श्रमाचे मोल

प्रशिक्षकाला वेतन देण्यास आपल्याकडे एक सांस्कृतिक आक्षेप घेतला जातो. वस्ताद पैशासाठी शिकवत नाही, गुरु-शिष्य नाते व्यवहारात बसवू नये, वेतन आले की सेवाभाव जातो, असे म्हटले जाते. या आक्षेपाला उडवून लावणे योग्य नाही. तालमीतील शिस्त, जोर-बैठकांपासून खुराकापर्यंत मुलाच्या जगण्यावर असलेली वस्तादाची नजर, ही कोणत्याही पदविकेने मिळणारी गोष्ट नव्हे. तथापि वस्तादाचा निर्वाह पूर्वीही हवेवर होत नव्हता. संस्थानिक, जहागीरदार, गावची यात्रा, पेठेतील व्यापारी यांचा आश्रय त्यामागे होता. नारळाच्या कुस्तीपासून अखेरच्या मोठ्या कुस्तीपर्यंत यात्रेचा आखाडा ही एक अर्थव्यवस्थाच होती. तो आश्रय आटला आणि त्याजागी दुसरा आला नाही. आज वस्तादाच्या निःस्वार्थतेचे गोडवे गाणे म्हणजे पुष्कळदा त्याला काही न देण्याची सोय होय.

त्यातच खेळ बदलला. महाराष्ट्र केसरीत माती व गादी असे दोन विभाग आहेत आणि आंतरराष्ट्रीय कुस्ती संपूर्णपणे गादीवर होते. कबड्डीच्या मोठ्या स्पर्धाही मॅटवर होतात. मातीवर घडलेल्या मुलाला बूट घालून मॅटवर वळण्याची सवय नसते. गुडघा दुखावतो तो येथेच. दुखापत ओळखणारा, वजन गटाचे नियोजन करणारा, बदललेले नियम समजावणारा प्रशिक्षक ही चैनीची बाब राहिलेली नाही. सेवाभावी जाणत्याला हे ज्ञान मिळवायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविकेसाठी जावे लागते. घरची शेती सोडून तेवढा काळ तेथे राहणे आणि परत आल्यावर विनावेतन शिकवणे, हे गणित कोणाला परवडेल?

परवडत नाही तेव्हा काय होते, याचे उदाहरण नगरला लागूनच असलेल्या नाशिकने दिले आहे. नाशिकच्या अनुभवी प्रशिक्षिका शैलजा जैन यांनी इराणच्या महिला कबड्डी संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले आणि २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या संघाने भारताला २७-२४ असे हरवले. त्या पराभवानंतर आपल्याकडे खेळाडूंच्या निवडीवर बरीच टीका झाली. आपल्या मातीत तयार झालेल्या प्रशिक्षण-ज्ञानाचे मोल दुसऱ्या देशाला कळले आणि आपल्याला कळले नाही, या मुद्द्यावर फार थोडे लिहिले गेले.

वाटपाचे दुसरे सूत्र

जिल्हा वार्षिक योजनेतून व्यायामशाळा व क्रीडांगण विकासासाठी निधी दिला जातो. याच चौकटीत तालुकानिहाय मानधनी प्रशिक्षकाची तरतूद आणता आली, तर वाटपाचे सूत्र पटसंख्येवर न ठेवता अंतरावर आणि अभावावर ठेवता येईल. ज्या तालुक्यात मान्यताप्राप्त क्रीडाशिक्षक असलेल्या शाळा सर्वांत कमी, तेथे पहिला प्रशिक्षक, असा तो क्रम असावा. एका शाळेला एक शिक्षक परवडत नसेल, तर पाच-सहा लहान शाळांच्या गटासाठी आठवड्याचे दिवस वाटून घेणारा एक प्रशिक्षक परवडू शकतो. अकोल्यातील निवासी आश्रमशाळा या दृष्टीने सोयीच्या आहेत. मुले तेथे पहाटे आणि सायंकाळी हजर असतात, त्यांना गोळा करण्याचा प्रश्नच नाही; उणीव असेल तर शिकवणाऱ्याची.

पाथर्डी व जामखेडसाठी वेळेचा विचार वेगळा करावा लागेल. तेथे जून ते सप्टेंबर हे चार महिने सलग सरावाचे मिळतात. जून उजाडतो तेव्हा कुटुंबे गावात असतात, मुले शाळेत असतात. या काळात प्रशिक्षकाचे मानधन दरमहा वेळेवर निघाले आणि तालुका व जिल्हा पातळीवरील फेऱ्या कुटुंबे फडावर जाण्यापूर्वी संपल्या, तर कोयता उचलण्याआधी त्या मुलांच्या हाती निदान जिल्हा पातळीचे प्रमाणपत्र असेल. पुढच्या फेऱ्यांच्या काळात निवड झालेल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय तालुक्याच्या वसतिगृहात करावी लागेल, आणि तो खर्च प्रशिक्षणाच्याच लेखाशीर्षात धरावा लागेल.